रुमालाखालचा हात

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि भुसावळच्या आमच्या रेल्वे कॉलनीत चहाला येऊन ‘ताई, तुम्ही हात फार धुता हो’ असं दर खेपेला सांगणारी तमाम मंडळी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे, की प्रस्तुत लेखिकेचा उजवा हात हा साधासुधा हात नाही. हा हात एकदा भर बाजारात, माणसं आणि गुरं दोघंही टक लावून बघत असताना, नथ्थू दलालाच्या रुमालाखाली गेलेला आहे. त्यानंतर तो राखेने घासला, लिंबाने चोळला, लाल साबणाने धुतला, पांढऱ्या साबणाने धुतला, आणि अलीकडे त्या पंपाच्या बाटलीतल्या सुगंधी बुळबुळीत पदार्थानेही धुऊन पाहिला. तरी तो पूर्ण स्वच्छ झाला अशी माझी खात्री नाही. तेव्हा हे प्रकरण वाचण्यापूर्वी ज्यांचं जेवण व्हायचं असेल त्यांनी ते उरकून घ्यावं. नंतर तक्रार चालणार नाही.

आमचं घर साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या जरा अलीकडे. घर म्हणजे मुळात गोठाच. त्याला लागून माणसांची सोय म्हणून दोन खोल्या काढलेल्या. मधली भिंत कुडाची, त्यामुळे पलीकडचा प्रत्येक आवाज अलीकडे यायचा. रवंथ, शिंका, दाव्याची ओढाताण, आणि पातळ शेण जमिनीवर पडताना होतो तो आवाज, ज्याच्यासाठी भाषेत अजून शब्द झालेला नाही आणि होऊही नये. शेती थोडी आणि विहीर नखरेल, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक जोडधंदा धरलेला होता. डोंगराकडच्या पाड्यांवरून ते दूध तुटलेली वासरं आणायचे, नर वासरं. ती पोटं खपाटीला गेलेली, कातडीवर गोचिडांची वस्ती असलेली पोरकी पोरं आमच्याकडे कडबा, सरकीची पेंड आणि आबांचा लाड खाऊन वर्ष-दीड वर्षात अंग धरायची. मग ती बाजारात विकायची. नांगराला जुंपणं, शिकवणं, हे घेणाऱ्याचं काम. थोडक्यात आम्ही गुरांची बालवाडी चालवायचो, आणि त्या बालवाडीत शी-शू काढण्याच्या कामावर माझी नेमणूक होती.

मला किळस फार. जन्मजात. माय म्हणायची, ही पाळण्यातसुद्धा दुपटं ओलं झालं की रडण्याऐवजी तोंड वाकडं करायची. आणि अशा मुलीच्या वाट्याला काय यावं, तर गोचीड वेचणं! गोऱ्ह्याच्या कानामागे, शेपटीखाली, मांडीच्या सांध्यात बोटं घालून ते करडे, टम्म, तुरीच्या दाण्याएवढे गोचीड उपटायचे आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचे. एखादा बोटातच फुटायचा. मग मी ओरडायची, आणि आबा शांतपणे म्हणायचे, ‘‘रगत त्यानंच शे, तुनं नही. कसाले रडस?’’ रक्त गोऱ्ह्याचं आहे, माझं नाही, हा त्यांच्या मते दिलासा होता. त्यानंतर जेवण. कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. अंगणात बसून खायचं आणि खाताना एखाद्या गोऱ्ह्याची खरबरीत जीभ मागून येऊन वेणी चाटून जायची. मी ताट घेऊन आत पळायची. आतून गोठ्याचा वास यायचा. मी पुन्हा बाहेर यायची. असं माझं जेवण चालत्या पायांनी व्हायचं, आणि माय म्हणायची, ‘‘शोभी, तुले राजवाडा पाहिजे व्हता.’’ बरोबर होतं तिचं. पाहिजेच होता.

चांद्या आणि तांब्या. त्या वर्षीची जोडी. चांद्याच्या कपाळावर पांढरा चांद, तांब्या नावाप्रमाणे तांबूस. दोघं एकाच पाड्यावरून, एकाच दोरीला बांधून आणलेले. वाटेत एकमेकांना बिलगून चालले ते कायमचेच. चांद्याला पाणी पाजायला नेलं तर तांब्या खुंटा उपटायला निघायचा. एकदा तांब्याला पोटफुगी झाली आणि त्याला वेगळं बांधलं, तर चांद्याने दिवसभर पेंडीला तोंड लावलं नाही. आबांनी तेव्हाच ठरवलं, की ही जोडी शेतकऱ्याच्या दावणीलाच जाईल आणि एकत्रच जाईल. व्यापाऱ्याला द्यायची नाही. व्यापारी एकेकटं जनावर उचलायचे, गाडीत कोंबायचे, आणि गाडी कुठे जाते हे आबा विचारायचे नाहीत आणि कोणी सांगायचंही नाही. पण न विचारलेल्या त्या प्रश्नाने आबांचं जेवण मात्र दोन दिवस उतरत नसे. इतकी वर्षं गोऱ्हे विकूनही त्यांना त्याची सवय झाली नव्हती. त्या वर्षी कडब्याची गंजी उन्हाळ्याच्या तोंडावरच तळाला लागली. गोऱ्हे ठेवणं शक्य नव्हतं. जो बाजार होता त्यातच ती जोडी जायला हवी होती.

आणि म्हणून नथ्थू दलाल आमच्या ओट्यावर आला. आता या गृहस्थांचं वर्णन करायला मला लेखणी नको, चिमटा हवा. अंगाने सुटलेला, मिशी तंबाखूने पिवळी, डाव्या तळहातावर तंबाखू आणि त्यावर उजवा अंगठा सतत चोळत राहिलेला. चुन्याची डबी बंडीच्या खिशात, तिचं झाकण कधी नीट लागलेलं मी पाहिलं नाही, त्यामुळे खिशापासून अंगठ्यापर्यंत सगळीकडे चुना. खांद्यावर लाल चौकड्यांचा रुमाल. या रुमालाचं चरित्र स्वतंत्र ग्रंथाला पुरेल. त्याने तो घाम पुसायचा, नाक पुसायचा, गुरांच्या तोंडाचा फेस पुसायचा, दुपारी त्यातच भाकरी बांधून आणायचा, आणि सौद्याच्या वेळी तोच रुमाल घेणाऱ्या-देणाऱ्याच्या हातावर टाकायचा. आमच्याकडे गुरांचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल रुमालाखाली हात धरतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. आधी घेणाऱ्याशी, मग देणाऱ्याशी. मध्ये तो एकटा. दोन्हीकडचा आकडा ठाऊक असलेला बाजारातला एकमेव माणूस. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहून पाऊसपाणी, पोराबाळांची लग्नं, सगळं बोलतील, पण भावाचा शब्द काढणार नाहीत. काढला तर पुढे कोणी दलाल तुमच्या गुराच्या दोरीला हात लावत नाही.

नथ्थूने बशीत ओतून चहा प्यायला, बशी चाटली (चाटली! माझ्या डोळ्यांदेखत), आणि जोडीकडे बघून म्हणाला, ‘‘आबा, गोऱ्हा झकास शेतस, पन पोट दिसत नही. आदल्या दिन मीठ-गुळनं पानी पाजा. सकायले ढोसाढोसा पानी पितीन. पोट नगारा!’’

माय चुलीपुढून म्हणाली, ‘‘पानी इकाले जाई राहिनात का गोऱ्हा?’’

‘‘बठ्ठा लोक करतस, वहिनी,’’ नथ्थू म्हणाला, जणू सगळेच करतात म्हणून ते चालतं, आणि ओट्याच्या कडेला पचकन थुंकला. सकाळी मीच सारवलेला ओटा होता तो.

आबांनी असलं कधी केलं नव्हतं. पण जोडी एकत्र जायची तर जोडी उठून दिसायला हवी, असं नथ्थूने त्यांच्या डोक्यात भरवलं. शेवटी आदल्या संध्याकाळी बांबूचा नळा निघाला. मी तपेलीत मीठ, गूळ आणि बाजरीचं पीठ कालवलं. नाकावर पदर बांधून, कारण ते मिश्रण हलवताना आजारी माणसाने ओकलेल्या आंबिलीसारखं दिसत होतं. चांद्या निमूट प्यायला. तांब्याने मात्र पहिल्या घोटाला शिंक दिली, ती सगळी माझ्या तोंडावर. दुसऱ्या घोटाला मुंडी अशी हासडली, की आबांचा उजवा हात त्याचं शिंग आणि खुंटा यांच्यामध्ये सापडला. आबा फक्त खाली बसले आणि हात मांडीत धरून हलकेच म्हणाले, ‘‘मीच मूर्ख.’’ मायने हळद-तेल लावून फडकं बांधलं. सकाळपर्यंत हात भोपळा झाला.

आता प्रश्न असा, की रुमालाखाली उजवाच हात जातो. डाव्या हाताने सौदा म्हणजे अपशकुन आणि वर अपमान. गावातला कोणी माणूस घ्यावा, तर भाव आमच्याआधी गावात पोचणार. मला भाऊ नाही. थोरली बहीण अक्का सासरी धुळ्याला. राहिली माय. ती म्हणाली, ‘‘मी त्या नथ्थूना हात धरू? त्यापेक्षा म्हशीनी शेपटी धरसू!’’ आणि मग त्या दोघांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा साक्रीला बारावीत होते, सुगंधी पावडर लावत होते आणि आपण या कुटुंबात चुकून जन्मलो आहोत अशी माझी ठाम समजूत होती.

चुलीशेजारी बसून आबांनी डाव्या हाताने मला ती बोटांची भाषा शिकवली. एक बोट धरलं की एक हजार, दोन धरली की दोन, सगळी मूठ म्हणजे पाच, आणि पेरावर अंगठा दाबला की वरचा अर्धा. कबूल असेल तर मान हलवायची. माय भाकरी थापता थापता हसत होती आणि पिठाच्या हाताने माझी बोटं उगाच धरून ‘किती व्हयनात?’ विचारत होती. आबा मात्र गंभीर. ‘‘शोभे, एकच ध्यानमा ठेव. रुमालखालनी गोट तोंडमा येवाले नको. आनि जोडी फुटाले नको.’’

पहाटे निघालो. बाजाराच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथे माझे सासरचे लोक आहेत. गोऱ्ह्यांनी निघताना खरोखर बादल्याच्या बादल्या पाणी प्यायलं, आणि नथ्थूच्या शास्त्राप्रमाणे पोटं नगाऱ्यासारखी झाली. पण नथ्थूने ओट्यावर बसून हे शास्त्र मांडलं तेव्हा चालायचा रस्ता हिशेबात धरला नव्हता. जे प्यायलं ते वाटेत निघायला लागलं. कोसाकोसाने थांबत, पाय फाकवत, ती दोन निरागस जनावरं आमची सगळी लबाडी रस्त्यावर सांडत चालली होती, आणि मागून चालणाऱ्या माझ्या नव्या चपलांना तिचा पुरता वाटा मिळत होता. बाजारात पोचेपर्यंत पोटं होती तशी झाली. फक्त माझी चप्पल फुगली.

आणि तो बाजार! शेण, मूत, बिडीचा धूर, तळणाचं तेल आणि चिंचोक्याच्या भुकटीने घासून चकचकीत केलेली शिंगं. जो तो कोणाच्या ना कोणाच्या तोंडात हात घालून उभा. गुराचं वय दातांवरून कळतं, म्हणून येणारा प्रत्येकजण चांद्याचा ओठ वर करायचा, अंगठा आत घालायचा, लाळेची तार ओढत बाहेर काढायचा, आणि तोच अंगठा पुढच्या क्षणी तंबाखूवर. पलीकडे शेवभाजीची कढई उकळत होती. लाल तवंगावर माश्या बसत होत्या, काही उठत होत्या, काही उठत नव्हत्या. लोक गुरांची तोंडं चाचपून तसेच तिथे जाऊन बसायचे आणि भाकरी कुस्करायचे. मी मोजून श्वास घेत होते. आजही माझा भाचा फोनवर गोऱ्ह्यांचे व्हिडिओ पाठवतो, पाठीमागे ढोलताशाचं गाणं लावलेलं, खाली नंबर; घरबसल्या सौदा. सगळे म्हणतात बाजाराची मजा गेली. मी म्हणते जाऊ दे. त्या व्हिडिओला वास नसतो, यापरतं मानवजातीने अजून काय साधायचं?

गिऱ्हाईक चांगलं आलं. शिंदखेड्याकडचे एक नाना होते, देवचंद नाना, पांढरी टोपी, मऊ बोलणं. त्यांनी दात पाहिले, खूर पाहिले, जोडी चालवून पाहिली. मग थबकले, कारण तांब्या आपली मान चांद्याच्या मानेवर ठेवून उभा होता. ‘‘आबा,’’ ते म्हणाले, ‘‘जोडी लिसू, नहीते काहीच नही.’’ आबांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त आलं. भाव सोडून सगळं त्या दोघांनी बोलून घेतलं. आता फक्त रुमाल उरला होता.

तेवढ्यात नथ्थूबरोबर एक जाकीट घातलेला व्यापारी येऊन गेला. त्याने तांब्याकडे पाहिलंही नाही. चांद्याच्या फऱ्यावर थाप मारली, नथ्थूच्या कानात काही बोलला, त्याच्या बंडीच्या खिशात काही सरकवलं आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

नथ्थूने तंबाखू मळली, रुमाल झटकला आणि आधी नानांचा हात झाकला. काही वेळ रुमालाखाली उंदीर धावल्यासारखं झालं. नानांनी शेवटी मान हलवली: कबूल. मग नथ्थू माझ्यापुढे आला. माझ्यामागे लगेच घोळका जमला. मुलीचा हात रुमालाखाली, हे त्या बाजाराने पाहिलं नव्हतं. कोणीतरी शीळ घातली.

‘‘लाजू नको, पोरी,’’ नथ्थू म्हणाला, ‘‘हाऊ रुमाल गंगा शे.’’

गंगा माझ्या हातावर पडली. ओली, कोमट, आंबूस. तिच्याखालून त्याचा पंजा आला, आणि त्याचं वर्णन मी वहीत तीनदा लिहून तीनदा खोडलं आहे. शिळ्या भाकरीच्या पिठाला घाम यावा, तसं काहीतरी. वर चुन्याची कचकच. त्याने माझी दोन बोटं धरून अंगठ्याने करकचून दाबली. दोन. मी मान हलवली नाही. आबांनी सांगितलेला आकडा त्याहून बराच वर होता. त्याने पुन्हा दोनच दाबली, सावकाश, चोळून, जसा तंबाखू चोळायचा तसा.

‘‘नाना पुढे सरकतच नही, आबा,’’ नथ्थू मोठ्याने हळहळला. ‘‘जोडीना इतलाच. पन चांद्या एकला द्या, तो व्यापारी दोन्हीसना दाम एकलाना दी राहिना. तांब्या परत ली जा.’’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली दोन बोटं दाखवली, फक्त त्यांना दिसतील अशी. कडबा नव्हता, जोडी घरी नेणं शक्य नव्हतं. त्यांचा सुजलेला हात तांब्याच्या वशिंडावर होता, आणि तो हात हळूहळू खाली आला. मी आबांना ओळखत होते. आता ते मान हलवणार होते. चांद्या त्या गाडीत जाणार होता आणि तांब्या रिकाम्या खुंट्याशेजारी उभा राहणार होता.

अशा वेळी एखाद्या शूर मुलीने काय केलं असतं मला माहीत नाही. मी हात पुसायला फडकं शोधत होते. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. तो हात माझ्या अंगाला लावायचीही माझी तयारी नव्हती, म्हणून तो लांब धरून मी त्याच्याकडे बघत होते. माझ्या दोन बोटांवर, बरोब्बर दोन, चुन्याचे पांढरे ठसे होते. नथ्थूच्या अंगठ्याचे. बाकीची बोटं कोरी. मी शिसारीने मान फिरवली, ती नेमकी देवचंद नानांकडे. नाना टोपी नीट करत होते. त्यांच्या काळ्या, रापलेल्या हातावर चार बोटं पांढरी होती.

चार!

मी एकदम पुढे झाले. ‘‘नाना, तुमना हात उघाडा बरं!’’ त्यांना काही कळायच्या आत मी त्यांचं मनगट धरून वर केलं आणि शेजारी माझा हात वर केला. तोंडातून मी आकडा काढला नाही, हे नम्रपणे नमूद करते. आबांना दिलेला शब्द मी पाळला. बाजाराने आपल्या डोळ्यांनी वाचलं. एका हातावर दोन, एका हातावर चार, आणि दोन्हीवर एकाच अंगठ्याचा चुना. शेवभाजीवाला झारा हातात घेऊन उभा राहिला. नानांनी स्वतःची बोटं पाहिली, माझी पाहिली, मग आबांकडे बघून एवढंच म्हणाले, ‘‘मी त चारले मान हालाई दिन्ही व्हती.’’ घोळक्यातून एक एक माणूस आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरून बघायला लागला. काहीजणांचा सौदा सकाळीच झाला होता.

जोडी नानांकडेच गेली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला राहायला नको. आबांनी आमचं दावं सोडलं, नानांनी त्यांची नवी दोरी घातली, आणि ते दोघं एकमेकांना घासत, वाटेत शेवटची उरलीसुरली लबाडी सांडत निघून गेले. व्यापाऱ्याची गाडी चांद्याविना गेली. आबा घरी येऊन तीन भाकरी जेवले. मी राखेचा ढीग घेऊन मोरीत बसले ती माय ओढून काढेपर्यंत.

पण मला आजही हसू येतं ते त्या आधीच्या क्षणाने. सगळा बाजार आपापल्या बोटांकडे बघतो आहे, आणि मधोमध नथ्थू, रुमाल खांद्यावर, अंगठा अजूनही तळहातावर फिरतोय. त्याला राग आला नव्हता. लाजही वाटली नव्हती. त्याला खरंखुरं, मनापासून आश्चर्य वाटलं होतं. आयुष्यभर चाललेली युक्ती कशाने फसली हे त्याला कळेना, आणि तो माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, ‘‘अरे, बठ्ठा बाजार हात न धुता जेवाले बसस, हाई एकलीच पोर हात कसाले देखस!’’